बटणं, तराजू, उड्या की सरावपत्रिका? बेरीज लिहायला शिकवताना

तीन आणि दोन मिळून पाच, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला बहुधा आधीच ठाऊक असतं. बोटं असतात की हाताशी! गाडी अडते ती ‘३ + २ = ५’ लिहिताना. मराठीत तर जरा जास्तच अडते, कारण आपण वाचतो ‘तीन अधिक दोन बरोबर पाच’. ‘बरोबर’ म्हणजे शाबासकी, असंच मूल धरून चालतं. उत्तर आलं, बाई म्हणाल्या बरोबर, संपलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खरं तर चिन्हातच ते आहे. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली ‘=’ वापरलं तेव्हा दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्याला सुचेनात. म्हणून कुठलीही पद्धत निवडताना मी आधी विचारते: ही ‘=’ बद्दल काय शिकवते?

बटणं, मणी, ठोकळे, जे हाताशी असेल त्यापासून सुरुवात करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त एक गोची आहे. एका मुलीला मी ‘३ + २ = ५’ मांडून दाखव म्हटलं. तिने तीन बटणं ठेवली, शेजारी दोन ठेवली, मग डब्यातून आणखी पाच काढून त्यापुढे मांडली. मोजली तर दहा! ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं काय चुकलं? कागदावर तीन आकडे, म्हणून तीन ढीग. शेवटचे पाच म्हणजे आधीचीच बटणं, हे कागद कुठे सांगतो? तेव्हापासून मी लिहिणं आणि हलवणं एकत्र घेते. तीन ठेवली की ‘३’, दोन आणली की ‘+ २’, आणि दोन्ही ढीग एकमेकांत सरकवले की मगच ‘= ५’.

त्याच मुलीला तराजू दिला तेव्हा तिची मांडणी जशीच्या तशी खरी ठरली. एका पारड्यात तीन आणि दोन, दुसऱ्यात डब्यातली नवी पाच. दांडी आडवी झाली की ‘=’ लिहायचं. तराजू फिरवून ठेवला की आपोआप ‘५ = ३ + २’. पुढे ‘३ + २ = ४ + १’ सुद्धा जमतं, आणि ते बटणांच्या ढिगाने सहज दाखवता येत नाही. या चिन्हापुरता तराजूच सरस. पण बटणं एकाच वजनाची हवीत, नाहीतर चार बटणं पाचांना भारी पडतात आणि सगळा घोळ. शिवाय वर्ग मोठा असेल तर एका तराजूवर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत तास संपतो. घरी एकच मूल असेल तर मात्र तराजू घ्याच.

संख्यारेषेवरच्या उड्या मोठ्या वर्गाला सोयीच्या: जमिनीवर आखा आणि मुलांना उभं करा. तीनवरून पुढे मोजायची सवय लागते, दर वेळी एकपासून सुरू करावं लागत नाही. नेहमीची चूक म्हणजे तीनवर उभं राहूनच ‘एक’ म्हणणं, मग उत्तर येतं चार. घर नाही, उडी मोजायची. ‘=’ बद्दल ही पद्धत फारसं काही सांगत नाही; ती मोजणी पक्की करते.

राहिल्या सरावपत्रिका. त्यांना सरसकट नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. दोष पत्रिकेचा नाही, रिकाम्या चौकटीच्या जागेचा आहे. वीस गणितं, वीसही चौकटी उजवीकडे! अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली ते सहावीच्या मुलांना ‘८ + ४ = ☐ + ५’ दिलं होतं. बहुतेकांनी १२ किंवा १७ लिहिलं. हवं होतं ७. तेव्हा पत्रिका वापरा, पण ‘☐ = ३ + २’ आणि ‘५ = ☐ + २’ अधूनमधून पेरा, आणि ‘=’ ला काही दिवस ‘तेवढेच’ म्हणा: तीन अधिक दोन, तेवढेच पाच.

ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांना आकड्यांची कार्डं द्या. ३ आणि ६ एकमेकांची उलटी रूपं, ती लिहिण्यातच मुलाचा जीव जातो आणि गणित चुकलं असं आपण समजतो. कार्ड लावून वाक्य नीट जुळवलं, तर अडचण अक्षराची आहे, बेरजेची नाही.

उभ्या मांडणीची घाई नको. तिथे ‘=’ च्या जागी नुसती रेघ येते. मुलासमोर ‘४ = ३ + १’ ठेवून पाहा. ‘हे उलटं लिहिलंय’ असं म्हणालं, तर तराजू अजून आवरू नका.