बटण पक्कं, बस कच्ची

मे महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये मुलांसाठी आठ दिवसांचं शिबिर होतं. फी 1800. बटण लावणं, कणीक मळणं, बाजार, बसप्रवास असं सगळं शिकवणार होते. नात दहा वर्षांची, तिला घातली. शिबिराचं नाव लिहीत नाही. बाई मनापासून करतात आणि खाली माझी थोडी तक्रार आहे.

बटण मात्र झकास शिकवलं. बटणावर काडीपेटीची काडी आडवी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे. मग काडी काढायची, बटण वर ओढायचं आणि खालच्या दोऱ्याला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. काजात बसायला बटणाला जागा राहते. मी 31 वर्षं खाकी शर्टाची बटणं लावली, ही काडी कुणी सांगितली नव्हती. आता नात माझ्याकडून बटणाला पाच रुपये घेते.

कणकेत पाणी जास्त झालं, सूनबाईनं दोन दिवस धिरडी घातली. चालायचंच.

पैसे वसूल झाले ते कपिलतीर्थ मंडईत. प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये. नातीनं मेथीची पेंडी आणली, वरून हिरवीगार आणि आत पिवळी. बाई रागावल्या नाहीत, बदलूनही दिली नाही. "घरी जाऊन तूच निवड," म्हणाल्या. पोरगी तासभर पिवळी पानं काढत बसली. आता पेंडी उलटीसुलटी करून, बोटानं आत फाकवून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

सुरी प्लास्टिकची दिली होती. टोमॅटो कापला नाही, चेंगरला. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरानंच ती घसरते. घरी मी लहान पण धारेची सुरी दिली, बोटं आत वळवून धरायला लावली. गॅसही लांबूनच दाखवला. तातडीच्या मदतीचा 112 आणि मुलांच्या मदतीचा 1098 पाठ करून घेतले, पण गॅसगळतीचा 1906 राहिला. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हेही मलाच सांगावं लागलं.

आता बस. मी केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेत, कंडक्टर होतो, त्यामुळं इथं जरा जास्त बोलणार. यांनी हॉलमध्ये खुर्च्या मांडून बस केली! कागदाची तिकिटं, ना गर्दी, ना धक्का, ना कुणी 'पुढं सरका' म्हणणारं. मी म्हटलं, "बाई, थांबा शंभर पावलांवर आहे, चला की." त्या म्हणाल्या, "आजोबा, पालक परवानगी देत नाहीत." असेल बाबा.

रविवारी मीच नेली. मी मागं उभा, ती पुढं. "रंकाळ्याला जाते का?" विचारून चढली, हाफ तिकीट मागितलं. सुटे पैसे न मोजताच खिशात टाकायला लागली तसा मी खाकरलो. मग एका हातानं दांडी धरून मोजले. उतरली मात्र एक थांबा आधीच. मीही गुपचूप मागोमाग उतरलो. थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

चौपाटीवर भेळ हातात येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पुढच्या मे महिन्यात धाकट्याला घालायचा विचार आहे, पण खुर्च्यांची बस असेल त्या दिवशी तो माझ्याबरोबर येईल.