सॅनडिस्क एक्स्ट्रीम १२८ जीबी : १९० चा आकडा आणि ३० ची खूण

सॅनडिस्क एक्स्ट्रीम मालिकेतील १२८ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड मी गेले आठ महिने कॅमेऱ्यात वापरत आहे. वेष्टनावर ठळक अक्षरांत सेकंदाला १९० एमबी असा वेग छापलेला असला, तरी कार्ड निवडताना त्यापेक्षा ‘व्ही३०’ ही बारीक खूण पाहावी, असे माझे मत झाले आहे.

१९० हा वाचनाचा कमाल वेग आहे आणि तो गाठायला त्याच कंपनीचा जुळणारा रीडर (कार्ड संगणकाला जोडणारे उपकरण) लागतो. कार्ड आणि उपकरण यांच्यातील देवाणघेवाणीच्या यूएचएस-१ या मानकाचीच मर्यादा सेकंदाला १०४ एमबी असल्यामुळे साध्या रीडरमधून फाइली उतरवताना नव्वदच्या आसपास वेग मिळतो. ‘व्ही३०’ म्हणजे सलग चित्रीकरणात लेखनाचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली न जाण्याची हमी. माझा कॅमेरा ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने करतो, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट म्हणून) आठाने भागल्यास सेकंदाला साडेबारा एमबी; या हिशोबाने कार्डात सुमारे पावणेतीन तास मावतात. पुतणीच्या लग्नात सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत सारे याच कार्डावर टिपले आणि ते कोठेही अडले नाही. अंतरपाट काही पुन्हा धरायला सांगता येत नाही.

संगणकावर १२८ ऐवजी ११९ दिसतात, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक मी याआधी अनुभवली आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत घेतलेले कार्ड संगणकावर २५६ जीबीचे दिसत होते, परंतु ३२ जीबी भरल्यानंतरचे प्रत्येक छायाचित्र अर्धे करडे निघाले, कारण कार्डाचा कारभार पाहणाऱ्या आतल्या कंट्रोलर चिपलाच खोटी क्षमता सांगायला शिकवलेले होते. त्यामुळे हे कार्ड हाती येताच ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहिले. तासाभराहून अधिक वेळ गेला, पण एकही चूक आढळली नाही.

‘ए२’ ही खूण मोबाइलमध्ये अॅप साठवणाऱ्यांच्या कामाची. कॅमेऱ्याला तिचा उपयोग नाही. हे छोटे कार्ड कॅमेऱ्याच्या मोठ्या एसडी खाचेत बसवायला अडॅप्टर लागतो; माझा मात्र जुना, दुसऱ्याच कार्डाबरोबर आलेला आहे. त्याची कडेची कुलपाची पट्टी सैल झाल्याने कार्ड आत सरकवताना ती खाली घसरते आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून अडून बसतो. ती पट्टी नुसती प्लॅस्टिकची असून तिची जागा कॅमेऱ्याची खाच ओळखते, म्हणून तूर्तास चिकटपट्टीचा तुकडा लावून काम भागवले आहे. ज्यांच्या कॅमेऱ्यात मोठ्या एसडी कार्डाची जागा आहे, त्यांनी अडॅप्टरच्या भानगडीत न पडता याच मालिकेतील पूर्ण आकाराचे कार्ड घ्यावे.