कॅनमधली क्राफ्ट बिअर आणि घरचं परीक्षण: मालवणातला पावसाळा ते उन्हाळा

निकाल आधीच सांगतो. मालवण-कुडाळ पट्ट्यात राहून कॅनमधली क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांची बिअर, घ्यायची असेल तर व्हीट (गव्हाची बिअर) बिनधास्त घ्या, आयपीए (कडवट, भरपूर वासाची बिअर) जपून घ्या, आणि काहीही घेताना ब्रँडच्या आधी कॅनच्या तळावरची तारीख बघा. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेव्हणा आणि शेजारचे तात्या, आमच्या पडवीत बसून ग्लासांना गुण देतोय. त्या वह्यांमधून जे निघालं ते खाली लिहितोय.

कॅनबद्दल तात्यांचं मत पहिल्या दिवसापासून वाईट. डब्याचा वास लागतो म्हणे. तो वास येतो, पण बिअरला नाही. तोंड थेट कॅनला लावलं की धातूची कड नाकाखाली येते, तिचा येतो. आतून ॲल्युमिनियमला पातळ अस्तर असतं, बिअर धातूला लागत नाही. ग्लासात ओतली की तक्रार मिटते. उलट एका बाबतीत कॅन बाटलीपेक्षा सरस आहे: उजेड. हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधून, आलेल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअर कुबट वास मारते. तपकिरी काच हे बऱ्यापैकी थोपवते, हिरवी जवळजवळ नाहीच, कॅन मात्र पूर्ण थोपवतो. अमेरिकेत कॅनमधली बिअर 1935 पासून विकली जाते, पण क्राफ्टवाल्यांनी बरीच वर्षं कॅनकडे नाक मुरडलं. 2002 मध्ये कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूजने आपली पेल एल कॅनमध्ये भरली आणि मग हळूहळू बाकीचे वळले.

गुण द्यायला आम्ही बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संघटनेचा 50 गुणांचा तक्ता घेतला: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकंदर मताला 10. तक्ता चांगला आहे, कारण तो नाकाला कामाला लावतो. 330 मिलीचा कॅन चौघांत वाटला की प्रत्येकाला 80 मिलीच्या आसपास येते, परीक्षणाला तेवढी पुरते. ओतायचं काम बायकोकडे, स्वयंपाकघरात, ग्लासाच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडा लिहून. त्यामुळे त्या फेरीत ती गुण देत नाही. लेबल दिसत असेल तर महागड्या कॅनला आपोआप पाच-सात गुण जास्त पडतात, हे आमच्या वह्यांत स्पष्ट दिसतं. मेव्हण्याने शेवटी एक रकाना वाढवला: ‘उरलेली कोणी मागितली?’ मला विचाराल तर 50 गुणांपेक्षा तो रकाना जास्त खरं बोलतो.

ग्लासाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत नेमकं हेच नडतं. फेसाचा शत्रू म्हणजे तेल. सुरमईचा तवा आणि बिअरचा ग्लास एकाच घासणीने घासला की ग्लास लख्ख दिसतो, पण फेस अर्ध्या मिनिटात बसतो. ओळखायची खूण अशी: ओतल्यावर काचेच्या आतल्या अंगाला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे तेलकट थर आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी काचेवर मागे राहते. आम्ही ग्लासांना वेगळी घासणी ठेवली आहे. ओल्या ग्लासाला आतून जाडं मीठ चोळायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि पालथा ठेवायचा. फडक्याने पुसायचा नाही. आणि तळलेला बांगडा खाल्लेल्या ओठांनी घोट घेतला की तेवढ्यानेही फेस मरतो, म्हणून गुण आधी, मासळी नंतर. मध्ये तोंड साफ करायला साधे कुरमुरे आणि पाणी. सोलकढी अजिबात नको. नारळाचा स्निग्धपणा आणि लसूण जिभेवर बसले की पुढचे दोन ग्लास सारखेच लागतात.

आता तारखेचं. एकाच बिअरचे दोन कॅन मिळाले, एक ताजा आणि एक मुदत संपत आलेला. तीन ग्लास ओतले, दोनांत जुनी, एकात ताजी, आणि वेगळा कोणता ते शोधायचं. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचा नेम लागतो. इथे सगळ्यांनी तोच ग्लास उचलला, तोही नुसत्या वासावर. ताज्या बिअरला संत्र्याची साल आणि ओल्या गवताचा वास होता. जुनीला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, आणि मागे जरा मधासारखा गोडसर. हा पुठ्ठा म्हणजे बिअरमध्ये शिरलेल्या प्राणवायूचं काम, आणि उष्णता ते झपाट्याने वाढवते. बिअरवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस, 3 अंशांत 300 दिवस, बिअरचं नुकसान साधारण सारखंच. आता आपला एप्रिल-मे आठवा. माल टेम्पोतून महामार्गाने येणार, गोदामात पडणार, मग बिअर शॉपीत. एका शॉपीत रात्री जाताना फ्रिजचं बटण बंद करतात, विजेचं बिल वाचवायला. सकाळी कॅन पुन्हा गार लागतो, म्हणून गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही. कॅनवर छापलेली मुदत बहुतेक वेळा सहा महिने असते, पण ती या प्रवासाचा हिशेब धरत नाही.

म्हणून आयपीए जपून. तिचा सगळा नखरा हॉप्सच्या वासात, आणि तोच सगळ्यात आधी उडतो. मागे उरतो निव्वळ कडवटपणा. तात्यांनी अशा एका ग्लासाला तोंड लावून विचारलं, “ह्यां काडेचिराईत खयसून हाडलंस?” ताजी मिळाली तर गोष्ट वेगळी: मेव्हणा पुण्याहून बर्फाच्या पेटीत ग्रेट स्टेट या तिथल्या क्राफ्ट ब्रँडचे कॅन करूळ घाटाने घेऊन आला, त्यांना वहीत चांगले गुण आहेत. तरीही मालवणी मसाल्याबरोबर आयपीए मला पटत नाही. कडवटपणा तिखटाला आणखी चेतवतो, तिसऱ्यांचं सुकं नुसती आग लागतं.

व्हीटचं मात्र इथल्या जेवणाशी गोत्र जुळतं. बेल्जियन विट शैलीत गव्हाबरोबर धणे आणि संत्र्याची साल घालतात. तात्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर स्ट्राँग प्यालेला माणूस, ग्लास नाकाशी धरून म्हणाला, “ह्येच्यात धणे घातल्यानी काय रे?” त्या दिवसापासून तात्यांच्या गुणांना आम्ही वचकून असतो. ही शैली बेल्जियममध्येच 1950 च्या दशकात बंद पडली होती. होगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1966 मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. सिम्बा आणि व्हाईट आउल या आपल्याकडच्या ब्रँडच्या विट याच घराण्यातल्या. कडवटपणा कमी, आंबटसर हलकी झाक, रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर तर सुरेख. जर्मन पद्धतीच्या व्हीटला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टचा असतो, दोष म्हणून गुण कापू नका. गाळ असलेली व्हीट असेल तर पाऊण कॅन ओता, उरलेली हलकेच घुसळा आणि मग वरून ओता. गाळ टाकून दिलात तर अर्धी चव मोरीत.

स्टाऊट, म्हणजे काळी बिअर, उन्हाळ्यातही बऱ्यापैकी तग धरते, भाजक्या माल्टखाली (मोड आणलेल्या धान्याच्या चवीखाली) थोडं वय झाकून जातं. पण फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, बर्फासारखी गार स्टाऊट म्हणजे पाणी. पडवीत मे महिन्यात पाच मिनिटंही पुरतात. लागर, म्हणजे नेहमीची साधी बिअर, तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. लोण्याचा किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला तर गुण कापावेत, एवढंच.

बांद्याच्या पलीकडे गोव्यात निवड कितीतरी मोठी आणि स्वस्त आहे, पण परवान्याशिवाय ती इकडे आणणं गुन्हा आहे. आम्ही तिकडे गेलो की तिकडेच पितो, वही बरोबर नेऊन.

किमतीचं म्हणाल तर क्राफ्टचे कॅन साध्या लागरच्या जवळजवळ दुप्पट जातात, म्हणून साठा करायचा मोह होतो. मार्चपासून पुढे तो करू नका, आठवड्यापुरतीच घ्या. शॉपीवाल्याला कॅन उलटा करून दाखवायला सांगा. बर्फाच्या पाण्यात राहून तळावरची शाई कधीकधी पुसलेली असते. तसा कॅन असला तर आम्ही तो परत ठेवतो आणि साधी लागर घेऊन घरी येतो.