‘कोलंबो’चा संपूर्ण डीव्हीडी संच : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

‘कोलंबो’ या अमेरिकी पोलिस मालिकेचा संपूर्ण डीव्हीडी संच मी गेल्या दिवाळीत मागवला. १९६८ ते २००३ या काळात प्रसारित झालेले सर्व ६९ भाग त्यात आहेत. त्यांपैकी १९७८ पर्यंतचे ४५ आणि त्यानंतरचे सहा असे ५१ भाग आईबरोबर दर शनिवारी रात्री, आणि जोडून सुट्टी आली की रविवारीही, पाहून झाले आहेत. आठवड्याभराच्या वापरानंतर लिहायला बसलो असतो, तर चित्र कसे आहे आणि वेष्टन कसे आहे यापलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आज मात्र या संचाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग सांगता येतो. या मालिकेच्या चित्रीकरणाविषयीचे किस्से फार आवडीने सांगितले जातात, आणि त्यांतले बरेचसे रिमोट हातात घेऊन, चित्र थांबवून, स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येतात.

आधी व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. मी घेतलेला संच युरोपातल्या बाजारासाठी काढलेला, म्हणजे क्षेत्र क्रमांक दोनचा आहे (डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी, हे हा क्रमांक ठरवतो). भारताचा क्षेत्र क्रमांक पाच असल्यामुळे इथे विकत घेतलेल्या प्रत्येक प्लेअरवर तो चालेलच असे नाही. सर्व क्षेत्रांच्या डिस्क वाचणारा प्लेअर घरात आहे ना, याची खात्री करूनच संच मागवावा. दुसरी बाब वेगाची. मालिका फिल्मवर सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चित्रित झाली आहे, तर युरोपीय पद्धतीच्या डिस्कवर ती २५ च्या वेगाने धावते. त्यामुळे ९८ मिनिटांचा भाग सुमारे ९४ मिनिटांत संपतो आणि सर्वांचे आवाज किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात. ज्याचा कान संगीतात तयार आहे त्याला हे खटकेल. तिसरी बाब टीव्हीची. चित्राचे प्रमाण जुन्या टीव्हीसारखे चारास तीन आहे, आणि नवा टीव्ही ते आपणहून आडवे ताणतो. पहिले दोन भाग आम्ही तसेच पाहिले, तेव्हा सगळी माणसे बसकी आणि रुंद दिसत होती. सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण बदलल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसे माणसांसारखी दिसू लागली. माझ्या संचातली एक डिस्क मधोमध अडकत होती. ती बदलून देण्यासाठी विक्रेत्याने सात आठवडे लावले आणि तेवढ्या काळात चार वेळा छायाचित्रे मागितली, याचा मनस्ताप झाला.

पहिल्या शनिवारी आईने विचारले, “खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवलं की. मग आता उरलेला वेळ काय बघायचं?” तिची शंका रास्त होती, कारण या मालिकेची बांधणीच तशी आहे. आधी खून आणि खुनी दोन्ही दाखवायचे, मग चुरगळलेला रेनकोट घातलेला लेफ्टनंट कोलंबो येणार, आणि तो त्या खुन्यापर्यंत कसा पोहोचतो हे आपण पाहायचे. आईने शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आहे. तिसऱ्या भागानंतर तीच म्हणाली, “हे भूमितीच्या प्रमेयासारखं आहे. साध्य आधीच फळ्यावर लिहून ठेवलंय, आता फक्त सिद्धता बघायची.” यापेक्षा नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

या पात्राचे निर्माते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक. कोलंबो प्रथम टीव्हीवर आला तो १९६० मध्ये, आणि तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड या नटाने केली होती. पुढे त्याच कथेचे नाटक झाले, ज्यात थॉमस मिचेल हे वृद्ध आणि नामांकित नट कोलंबो होते. १९६८ मध्ये त्या नाटकावरून टीव्हीपट करायचे ठरले, तेव्हा बिंग क्रॉस्बी यांना विचारणा झाली होती आणि त्यांनी नकार दिला होता. मग पीटर फॉक आले. नाटक लिहिताना घडलेली एक गोष्ट या लेखकद्वयाने पुढे स्वतःच सांगितली आहे. एक प्रवेश टंकलिखित होऊन तयार होता आणि कोलंबो खोलीतून बाहेर पडलाही होता, पण प्रवेश तोकडा पडला. पान पुन्हा टंकित करायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्याला दारातून परत आत आणले आणि त्याच्या तोंडी वाक्य घातले, “बरं, अजून एकच गोष्ट.” जगभर ओळखली जाणारी ती लकब टंकलेखनाच्या कंटाळ्यातून जन्माला आली.

संचातला पहिलाच भाग म्हणजे तो १९६८ चा टीव्हीपट. हा किस्सा ठाऊक असेल तर तो भाग वेगळ्या नजरेने पाहिला जातो. फॉक यांचे केस नीट विंचरलेले आहेत, बोलणे बरेच धारदार आहे, पुढच्या काळातला गबाळेपणा अजून अंगात मुरलेला नाही. मात्र दारातून परत येणे तिथे पक्के बसलेले आहे. सवय आधी आली आणि माणूस तिच्याभोवती हळूहळू घडत गेला, हे सलग पाहताना स्पष्ट दिसते. रेनकोट फॉक यांचा स्वतःचा होता. पाऊस क्वचितच पडणाऱ्या लॉस एंजेलिसमध्ये तो त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर वागवला.

ज्या भागासाठी मी हा संच पुन्हा घेईन, तो १५ सप्टेंबर १९७१ रोजी प्रसारित झालेला ‘मर्डर बाय द बुक’. नियमित मालिकेचा हा पहिला भाग. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २४ वर्षांचे होते. पटकथा स्टीव्हन बॉच्को यांची, ज्यांनी पुढे ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या मालिकेच्या सहनिर्मितीतून पोलिस मालिकांचे रूपच बदलून टाकले. सुरुवातीची काही मिनिटे आम्ही चार वेळा पाहिली. रस्त्यावरून एक मोटार येते आहे, पण तिचा आवाज नाही. चाकांचा नाही, इंजिनाचा नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. ती टकटक उंच इमारतीतल्या एका कार्यालयातून येते आहे, जिथे एक लेखक एकाग्र होऊन लिहीत बसला आहे, आणि मोटारीतला माणूस त्याच्याकडेच निघाला आहे. संगीतकार बिली गोल्डनबर्ग यांनी टंकयंत्राचा तो ध्वनी पुढे पार्श्वसंगीतातही गुंफला आहे. हेडफोन लावून पाहिल्यावर तो कुठे यंत्राचा आहे आणि कुठे संगीताचा होतो, हे कळायला क्षणभर लागतो. कथा दोन भागीदार लेखकांची आहे, ज्यांच्यापैकी खरे लिहितो एकच. लेव्हिन्सन आणि लिंक हे स्वतः फिलाडेल्फियातल्या शाळेपासून जोडीने लिहीत आलेले मित्र होते, हे लक्षात घेतले की या कथेची निवड अधिकच धीट वाटते.

आता नावाची गोष्ट. ही मला सर्वांत मोलाची वाटते. कोलंबोचे पहिले नाव मालिकेत कोणी उच्चारत नाही, आणि त्याला पहिले नाव नाहीच असे निर्माते सांगत असत. मी मात्र इंटरनेटवर ‘फिलिप’ असे वाचले होते आणि आईला ते खात्रीने सांगूनही टाकले होते. पुढे मूळ हकीकत कळली. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने सामान्यज्ञानाचा एक कोश तयार केला होता, आणि आपली माहिती कोणी उचलली तर ती पकडता यावी म्हणून त्यात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती : कोलंबोचे पहिले नाव फिलिप. काही वर्षांनी ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या प्रश्नमंजूषेच्या खेळात तेच उत्तर छापून आले. वर्थ यांनी १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. खेळाच्या निर्मात्यांनी त्यांचा कोश वापरल्याचे नाकारले नाही. इतर अनेक पुस्तकांप्रमाणे तोही वापरला, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने वर्थ यांच्या विरोधात निकाल दिला, कारण वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

मग खरे काय, हे पाहण्यासाठी आम्ही १९७१ चाच ‘डेड वेट’ हा भाग लावला. एडी अल्बर्ट यांनी साकारलेल्या निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या दारात कोलंबो खिशातून ओळखपत्र काढून दाखवतो. ते दृश्य निमिषभराचे आहे. चालू वेगात डोळ्यांना काही लागत नाही. एकेक चित्र पुढे सरकवत नेल्यावर ओळखपत्रावरची सही वाचता आली : फ्रँक. बहुधा वस्तुविभागातल्या कोणीतरी सहज लिहून टाकलेले ते नाव, पडद्यावर मात्र ते आहे, आणि ‘फिलिप’ कुठेही नाही. आई चष्मा पुसून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली आणि अक्षर अन् अक्षर वाचून मागे आली. त्या दिवसापासून वहीत एक नियम पाळतो आहे : वाचलेली गोष्ट डाव्या पानावर, पडद्यावर सापडली तर ती उजव्या पानावर, भागाच्या नावासह.

उजवे पान बऱ्यापैकी भरले आहे. ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ हा १९७४ चा भाग दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरी ‘द सिटाडेल’ या खऱ्या सैनिकी महाविद्यालयात चित्रित झाला. पॅट्रिक मॅकगूहन यांना त्यातल्या कर्नलच्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. त्यात कोलंबोचा सहकारी सार्जंट झालेले ब्रूस कर्बी आणि एका कॅडेटच्या भूमिकेतले ब्रूनो कर्बी हे प्रत्यक्षात बापलेक. हे कळल्यावर दोघांचे नाक आणि हनुवटी आईने लगेच जुळवून दाखवली. ‘ब्लूप्रिंट फॉर मर्डर’ हा १९७२ चा भाग फॉक यांनी स्वतः दिग्दर्शित केला. दिग्दर्शनाचा हट्ट त्यांनी फार दिवस धरला होता, आणि तो पुरवताना निर्मात्यांनी त्यांच्या वाट्याला बांधकामाच्या जागेवर घडणारी, यंत्रांच्या गोंगाटातली कथा दिली. ती अवघड होती, हे प्रत्येक चौकटीत जाणवते.

कोलंबोच्या कुत्र्याचा प्रवेश ‘एट्यूड इन ब्लॅक’ या भागामध्ये, सप्टेंबर १९७२ मध्ये झाला. फॉक यांचा आधी विरोध होता. रेनकोट, सिगार आणि मोडकी मोटार एवढ्या खुणा पुरेत, असे त्यांचे म्हणणे होते. मग लांब कानांचा, कशातच रस नसलेला तो बॅसेट हाउंड समोर आणला गेला आणि त्यांनी लगेच होकार दिला. याच भागातला खुनी संगीतसंचालक म्हणजे जॉन कॅसाव्हेटिस, फॉक यांचे जिवलग मित्र, ज्यांच्या चित्रपटात फॉक यांनी पुढे स्वतःचे पैसेही घातले. दोघे समोरासमोर आले की संवादांत जो मोकळेपणा येतो, तो या मैत्रीचा आहे. संगीतसंचालकाच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या ब्लाइथ डॅनर तेव्हा गरोदर होत्या, आणि भाग प्रसारित झाल्यानंतर दहा दिवसांनी ग्विनेथ पाल्ट्रो यांचा जन्म झाला. ही माहिती गमतीची खरी, पण तिने त्या भागात मला नवे काही दाखवले नाही. मोटारीचे तसे नाही. ती १९५९ ची प्यूजो ४०३, उघड्या छताची, फॉक यांनी स्वतः निवडलेली. तिची पाटी १९७० च्या दशकात ०४४ एपीडी अशी दिसते, आणि १९८९ नंतरच्या भागांत ४४८ डीबीझेड, कारण १९७८ मध्ये थांबलेली मालिका १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा या नव्या पर्वासाठी दुसरी मोटार मिळवावी लागली.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो फॉक यांच्या समोर उभ्या असलेल्या नटांचे चेहरे पाहण्यात. फॉक चित्रीकरणाच्या वेळी संहितेत नसलेल्या गोष्टी करत, खिसे चाचपत, पेन्सिल मागत, भलत्याच विषयाकडे वळत, जेणेकरून समोरच्या नटाचा वैताग खरा उमटावा. ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’मध्ये ते फोन धरून ताटकळताना ‘धिस ओल्ड मॅन’ हे बालगीत गुणगुणू लागतात. तेही त्यांचे स्वतःचेच, आणि पुढे ती चाल कोलंबोची खूण होऊन बसली. तीन वर्षांचे असताना अर्बुदामुळे त्यांचा उजवा डोळा काढावा लागला होता, आणि तिथे काचेचा डोळा होता. ती तिरकी, क्षणभर हरवलेली नजर त्यातून आली आहे, हे जवळच्या दृश्यांत थांबून पाहिल्यावर लक्षात येते, आणि त्यानंतर प्रत्येक भागात मी त्या नजरेचा किती कौशल्याने वापर होतो हे पाहत राहिलो.

एवढी मोठी मालिका, आणि संचात निर्मितीविषयी जवळजवळ काहीच नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. दिग्दर्शकाचे निवेदन नाही, एखादी छोटी पुस्तिका नाही. लिंक २०२० पर्यंत हयात होते. त्यांच्या आवाजात दोन-तीन भागांवर भाष्य ध्वनिमुद्रित झाले असते, तर या संचाला तोड राहिली नसती. आज ते काम पाहणाऱ्यालाच करावे लागते, आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याने सत्तरच्या दशकातले भाग तेवढे घ्यावेत. नंतरचे सहा भाग आम्हाला ढिले वाटले. खून घडायलाच फार वेळ लागतो आणि कोलंबो उशिरा येतो.

उरलेले अठरा भाग येत्या दिवाळीपर्यंत होतील. मागच्या शनिवारी नव्या पर्वातला एक भाग चालू असताना मोटारीच्या मागच्या सीटवर कुत्रा दिसला, तेव्हा आई म्हणाली, “हा तो नव्हे. त्याचे कान जास्त लांब होते.” मी वही काढून तारखा पाहिल्या. दोहोंमध्ये सतरा वर्षांचे अंतर होते. ते उजव्या पानावर लिहून ठेवले आहे.