एटिमॉनलाइन: 'नाइस' शोधायला गेले आणि तासभर तिथेच रमले

कुणी फोटो टाकला की नाइस, कुणी चांगलं वागलं की नाइस, दिवसातून दहा वेळा तरी आपण हा शब्द टाइप करतो, आणि त्याचा इंग्रजीतला पहिला अर्थ मूर्ख होता हे मला एटिमॉनलाइनवर कळलं. इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीची ही ऑनलाइन डिक्शनरी, डग्लस हार्पर या माणसाने एकट्याने उभी केलेली. वापरायला फुकट. शब्द टाकायचा, एन्टर मारायचं, बस.

नाइसचं पान उघडलं की कळतं मुळात लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे अजाण. त्यातला 'ने' नकाराचा आणि 'स्किरे' म्हणजे जाणणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून हा शब्द तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला तो मूर्ख, अडाणी अशा अर्थाने, मग भित्रा झाला, मग कशातही खोट काढणारा चोखंदळ, मग नाजूक, १५०० नंतर बारीक आणि काटेकोर, आणि छान, आवडण्यासारखं हा अर्थ थेट १७६९ मध्ये, प्रेमळ हा तर १८३० चा! म्हणजे साडेचारशेहून जास्त वर्षं हा शब्द आपल्या ओळखीच्या अर्थाशिवायच फिरत होता. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात ना, तिथे छान फरक नाही, बारीक फरक असा अर्थ आहे, मला आत्तापर्यंत तो चुकीचाच वाटायचा.

खरी मजा पुढच्या लिंकांमध्ये आहे. त्याच 'स्किरे'वरून सायन्स, म्हणजे अजाण आणि विज्ञान एकाच घरातले. त्याच्याही मागे गेलं की कापणं, वेगळं करणं अशा अर्थाचा एक फार जुना धातू मानतात, आणि संस्कृतातला छिद् त्याच कुळातला, म्हणजे आपले छेद, छिन्न, विच्छेद सगळे आले. जाणणं म्हणजे एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता येणं, हे वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले खरं सांगते.

आणखी एक आवडलेली गोष्ट म्हणजे जिथे नक्की नाही तिथे ते 'बहुतेक' असं स्पष्ट लिहितात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लिखाणात नाइस कुठल्या अर्थाने आलाय ते बऱ्याचदा ठरवताच येत नाही, हे सुद्धा तिथे दिलंय. उगाच ठोकून देत नाहीत.

आता तक्रार. मजकूर फार दाटीवाटीचा, शतकं आणि भाषांची नावं सगळी एकाच परिच्छेदात कोंबलेली, फोनवर वाचताना धागा सुटतो. उच्चार किंवा वाक्यात उपयोग शिकायचा असेल तर साधी डिक्शनरीच बरी. आणि वर्षं जपून वाचा, १७६९ म्हणजे लेखी पुरावा तेव्हाचा आहे, लोक बोलताना त्याआधीही तसं म्हणत असतील, पण बरेच जण ते वर्ष शब्दाची जन्मतारीख असल्यासारखं पुढे पाठवतात.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. नाइस वाचून झालं की लगेच सिली शोधा, तो बरोब्बर उलट्या वाटेने गेलाय: आधी सुखी, धन्य, मग निरागस, मग बिचारा, दुबळा आणि शेवटी बावळट.