'बेबी ऑन बोर्ड' बिल्ला : सात महिने रोज वापरून

वस्तू अगदी साधी आहे. पांढरा गोल बिल्ला, मागे पिन, पुढे इंग्रजीत 'बेबी ऑन बोर्ड!' एवढे तीन शब्द आणि लंडनच्या भुयारी रेल्वेची खूण. इथली बस आणि भुयारी रेल्वे सांभाळणारी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही संस्था गरोदर बायकांना तो फुकट देते. 2005 पासून देते आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. वेबसाइटवर नाव-पत्ता भरला की पोस्टाने घरी येतो. मला आठव्या दिवशी मिळाला.

फुकटच्या बिल्ल्यावर एवढं लिहायचं कारण असं, की पाकीट घरी आल्यावर मी तो दोन आठवडे पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. लावू की नको, हे ठरत नव्हतं. तेव्हा आपल्यातल्या कुणी मराठीत चार ओळी लिहिलेल्या सापडल्या असत्या, तर ते दोन आठवडे मी उभ्याने काढले नसते.

मी हॅरोला राहते, ऑफिस फॅरिंग्डनला. रोज मेट्रोपॉलिटन लाइनने जाते. आपली पहिली गाडी 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्यानंतर दहाच वर्षांनी, 10 जानेवारी 1863 ला, जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली. बेकर स्ट्रीटपासून पुढचा माझा रोजचा रस्ता म्हणजे त्याच जुन्या मार्गाचा तुकडा. गाड्या आता नव्या आहेत, वातानुकूलित आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून चालत जाता येतं. पण सकाळी आठच्या सुमाराला जागेची खात्री नाही. दारांजवळच्या जागा राखीव असतात. अपंग, गरोदर किंवा ज्यांना उभं राहणं जड जातं अशांसाठी, असं तिथे लिहिलेलं असतं. त्यांवर कुणीही बसू शकतं, फक्त गरजू माणूस आला की उठायचं अशी अपेक्षा. कायदा नाही, दंड नाही. सगळा कारभार माणसांच्या रीतीवर चालतो.

आणि इथली रीत अशी, की गाडीत कुणी कुणाकडे बघायचं नाही. मी डोंबिवलीची. लग्नाआधी चार वर्षं लोकलच्या लेडीज डब्यात काढलेली. तिथे चढल्या चढल्या पहिला प्रश्न 'कुठे उतरणार?' ती म्हणाली ठाणे, की ती जागा ठाण्यापासून आपली. मधे दुसरी कुणी आली तर बसलेलीच सांगते, 'हिला दिलीय.' तिघींच्या बाकावर चौथी बसते, अर्धी बाहेर, पण बसते. बोलल्याशिवाय तिथे काहीच होत नाही. इथे पहिल्या महिन्यात मी समोरच्या बाईला 'कुठे उतरणार' विचारलं असतं तर ती घाबरली असती.

म्हणून इथे बिल्ला लागतो. तो तुमच्या वतीने बोलतो.

त्याची खरी गरज कधी असते, हे मला अनुभवाने कळलं. पोट दिसायला लागल्यावर कुणीही उठतं. हाल होतात ते त्याआधी. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून मला इतकी मळमळ व्हायची, की समोरच्याच्या कॉफीच्या वासानेही गाडीतून उतरावंसं वाटायचं. चक्कर यायची. आणि बाहेरून बघणाऱ्याला एक धडधाकट, तिशीतली बाई दिसायची. बिल्ला नेमका याच दिवसांसाठी आहे.

पण हेच दिवस आपल्याकडे न सांगण्याचे. तीन महिने होईपर्यंत घरच्यांशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी तर माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या मावसबहिणीचं आधी एकदा झालं होतं, दहाव्या आठवड्यात गेलं, तेव्हा साऱ्या नातेवाइकांना ते परत सांगताना तिची काय अवस्था झाली ते मी पाहिलं होतं. मग जी गोष्ट आईला सांगितली नाही, ती छातीवर लावून गाडीभर परक्या माणसांना कशी सांगायची? पर्समधले दोन आठवडे या विचारात गेले.

ते संपले एका मंगळवारी. फिंचली रोडच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दाराजवळ खालीच बसले. एका मुलीने पाणी दिलं. एका गृहस्थांनी हात धरून उठवलं आणि स्वतःच्या जागेवर बसवलं. ते मला वारंवार म्हणत होते, "तुम्ही सांगायचं ना." दुसऱ्या दिवशी मी बिल्ला लावला.

लावायचा कुठे, हे महत्त्वाचं आहे. मी पहिल्यांदा तो कोटाच्या कॉलरशी लावला, सगळ्या फोटोंत असतो तसा. पण बसलेल्या माणसाची नजर तुमच्या कॉलरपर्यंत जातच नाही. ती मोबाईलवर असते, आणि वर उचलली तर तुमच्या कमरेपर्यंत येते. मी बिल्ला पर्सच्या पट्ट्यावर, कमरेच्या जरा वर लावला आणि त्याच दिवशी फरक पडला. पट्ट्यावर लावायचा दुसरा फायदा म्हणजे कोट काढला, बदलला, तरी बिल्ला घरी राहत नाही. ऑफिसच्या दारात पर्स फिरवून पट्टा आत वळवला की तिथे कुणाला दिसत नाही. म्हणजे तीन महिन्यांचं गुपितही सांभाळलं जातं. ज्यांना माझ्यासारखी ही अडचण वाटते त्यांनी हे नक्की करून बघावं.

उभं राहायचं ते राखीव जागांसमोर. डब्याच्या मधोमध उभं राहून कुणीतरी बघेल अशी वाट पाहू नये, तिथे बसलेल्या कुणालाही ती आपली जबाबदारी वाटत नाही. आणि कुणीच बघत नसेल तर विचारावं. "कुड आय सिट डाउन, प्लीज?" एवढंच. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाठ केलं होतं. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतलं एकही माणूस नाही म्हणालं नाही. उलट बहुतेक जण दचकून उठायचे, माफी मागायचे. त्यांना खरंच दिसलेलं नसायचं. जागा न देणारा माणूस वाईट असतो हा माझा समज इथे पार बदलला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला त्याची बाजू सांगितली. एकदा त्याने एका बाईंना गरोदर समजून जागा दिली, त्या नव्हत्या. त्या दिवसापासून बिल्ला दिसल्याशिवाय तो उठत नाही. त्याच्या दृष्टीने बिल्ला त्याच्यासाठी आहे, अंदाज चुकू नये म्हणून. हे मला पटलं.

कोण उठतं, याचा काही नियम सापडला नाही. राखीव जागेवरचा माणूस तसाच बसलेला आणि पलीकडच्या रांगेतली कुणी शाळकरी मुलगी हात हलवून बोलावते, असं कितीदा झालं. वेम्बली पार्कला एक बांधकामावरचा कामगार उठला होता, बुटांना सिमेंट, डोळे रात्रपाळीचे. त्याला मी नको म्हटलं. तो म्हणाला, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, ती आत्ता अशीच कुठल्यातरी गाडीत असेल. मी बसले. त्यानंतर मी कुणालाही नको म्हटलं नाही. देणाऱ्याचं मन मोडून आपण काही मोठेपणा मिळवत नाही.

या बिल्ल्याला लोक ओळखतात, हे त्याचं मोठं बळ. मार्च 2013 मध्ये भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त राणी एलिझाबेथ बेकर स्ट्रीट स्टेशनात आल्या होत्या, तेव्हा सोबतच्या नातसुनेला, केटला, हाच बिल्ला भेट दिला गेला. ती तेव्हा गरोदर होती. ते फोटो सगळीकडे छापले गेले. माझ्या टीममधली दोन मुलांची आई म्हणते, तिच्या पहिल्या वेळी तिला बिल्ला लावायची लाज वाटली होती, दुसऱ्या वेळी नाही, आणि मधे ते फोटो आले होते.

आता आजींचं सांगते. नववा आठवडा चालू होता. हॅरोहून निघाल्यावर फिंचली रोडपर्यंत गाडी जमिनीवरून जाते, मग भुयारात शिरते, म्हणून मी आईला तेवढ्या वेळात फोन करायचे. त्या दिवशीही उभ्या उभ्या बोलत होते. काय खाल्लंस, थंडी किती, हेच. समोर राखीव जागेवर एक आजी बसल्या होत्या. साडीवर जाड स्वेटर, पायांत स्पोर्ट्स शूज, मांडीवर कापडी पिशवी. फोन ठेवला तशा त्या मराठीत म्हणाल्या, "आईला सांगितलं नाहीस अजून?"

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. त्या उठायला लागल्या. सत्तरी तर नक्कीच उलटलेली. मी म्हटलं, "आजी, तुम्ही बसा." "तू बस गं, मी पुढच्याला उतरणारच आहे." त्या उतरणार नव्हत्या, ते नंतर कळलं. दोघी उभ्या आणि मधे जागा रिकामी. शेवटी बाजूचा मुलगा उठला आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. त्या साठच्या दशकात इथे आलेल्या. पहिल्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत कारखान्यात उभं राहून काम केलं, येता-जाता गाडीत उभ्याच, कारण इंग्रजीत जागा कशी मागायची ते येत नव्हतं. "बिल्ला असता तर मागावं लागलं नसतं," म्हणाल्या. माझा बिल्ला त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. उतरताना म्हणाल्या, "आज सांग आईला. मी कुणाला बोलणार नाही, पण आईला सांग."

रात्री सांगितलं. आई आधी रडली, मग म्हणाली, "आगगाडीतल्या माणसांना माझ्या आधी कळलं?" आणि मग तिने तिची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. 1992 साली माझ्या वेळी ती डोंबिवलीहून व्हीटीला फास्टने जायची. चढली की दारातल्या बायकाच ओरडायच्या, "ए, दोन जिवांची आहे, सरका." तिचा ग्रुप होता, सकाळची एक ठरलेली गाडी, ठरलेला डबा. सातव्या महिन्यात त्यांनी डब्यातच तिचं डोहाळेजेवण केलं. फुलांचे दागिने एकीने रात्री जागून केले होते. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, अंधार झाला, कुणीतरी गाणं सुरू केलं, आणि बोगद्यातून बाहेर येईपर्यंत तिची ओटी भरून झाली होती.

ते ऐकल्यावर इथलं माझं बसणं मला जरा एकटं वाटलं, हे लपवत नाही. बिल्ला जागा देतो. गाणं म्हणायला कुणी येत नाही.

एक जोड माहिती. 2017 पासून 'प्लीज ऑफर मी अ सीट' असा निळा बिल्लाही मिळतो. ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही त्यांच्यासाठी. सोबत एक कार्ड येतं. त्यालाही डॉक्टरचा कागद लागत नाही आणि काय झालंय ते कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण तो लावते. तिला लोक कमी उठून देतात असं ती सांगते, कारण बाळाची बातमी ऐकायला सगळ्यांना आवडतं, दुखण्याची नाही. मी आता निळा बिल्ला दिसला की पहिली उठते. पांढरा असताना मला जे मिळालं ते बघता एवढं तरी करायलाच हवं. आपल्याकडे लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून गरोदर बायकांना आणि कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं, तरी कितीतरी जणींना ते माहीत नसतं. माझ्या आईलाही नव्हतं. हे वाचून एकीला जरी कळलं तरी चालेल.

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत मी बिल्ला वापरला. आई बाळंतपणाला आली तेव्हा तिने तो ड्रॉवरमध्ये पाहिला आणि परत जाताना मागून घेतला. शेजारच्या काकूंची सून डोंबिवलीहून घाटकोपरला नोकरीला जाते, तिला तिसरा महिना होता. मी म्हटलं, तिथे कोण वाचणार हे? आई म्हणाली, "देऊन तर बघू."

तिने ड्रेसवर लावला. पहिल्याच दिवशी दारातल्या बाईने विचारलं, "हे काय गं, कुठल्या कंपनीचा?" तिने सांगितलं. बिल्ला पिन काढून डब्यात हातोहात फिरला, खिडकीपर्यंत गेला, तिथून परत आला, आणि येता येता एक जागाही घेऊन आला. दुसऱ्या आठवड्यापासून तिने तो लावलेला नाही. डब्याला माहीत झालं होतं. आता ती चढली की एकजण पर्स उचलते.