हाफ इंजिनचे काम घरी: स्प्लेंडरसाठी तयार ब्लॉक किट घ्यावे की ओव्हरसाइज पिस्टन?

जुनी स्प्लेंडर ऑइल पिऊ लागली, चढावर दम टाकू लागली आणि ॲक्सिलरेटर पिळताच मागे निळसर धूर सोडू लागली, की हाफ इंजिनचे, म्हणजे खालचा क्रँककेस न उघडता फक्त हेड, ब्लॉक आणि पिस्टन उतरवून करायचे, काम निघते आणि सुट्या भागांचा दुकानदार बहुधा दोन खोकी समोर ठेवतो. एका खोक्यात नवा ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो भाग), पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि पॅकिंग असे सगळे तयार असते. दुसऱ्यात केवळ ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठा, पिस्टन, रिंगांचा संच, पिन आणि ती जागी धरणाऱ्या सर्क्लिप असतात, आणि जुना ब्लॉक त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून, म्हणजे आतून कोरून, घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारचे किट मी भावाच्या गाडीला बसवले, दुसऱ्या प्रकारचे माझ्या स्वतःच्या गाडीला. माझा कौल निःसंशय दुसऱ्याला आहे.

१९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीचे ९७.२ सीसीचे इंजिन ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली चाल) आहे. ब्लॉक बाहेरून ॲल्युमिनियमचा दिसत असला, तरी पिस्टन जिच्यावर घासतो ती आतली स्लीव्ह बिडाची असते, आणि म्हणूनच ती एकदा झिजली म्हणजे ब्लॉक संपला असे होत नाही. मूळ मापापेक्षा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरने मोठे अशा चढत्या मापांचे पिस्टन मिळतात. ०.५० चा पिस्टन घातला तर इंजिन हिशेबाने ९९.१ सीसीचे होते, परंतु हे काम ताकद वाढवण्यासाठी नसून गेलेले कॉम्प्रेशन (पिस्टनच्या वरचा दाब) परत मिळवण्यासाठी आहे.

खोके विकत घेण्यापूर्वी दुखणे नेमके कोठे आहे हे पाहणे आवश्यक आहे. ॲक्सिलरेटर देताना धूर येत असेल तर संशय रिंगांवर जातो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर धूर येत असेल तर व्हॉल्व्हचे सील आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) तपासावेत. प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा कॉम्प्रेशन मोजावे. ते लक्षात येण्याजोगे वाढले तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. जैसे थे राहिले तर गळती व्हॉल्व्हमधून होते आहे. ब्लॉक उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवून पाहावा. त्या दिशेने जराही खेळ जाणवला तर खालची बेअरिंग गेलेली आहे आणि नवा पिस्टन घालणे हा पैशाचा अपव्यय ठरेल, कारण वाढलेले कॉम्प्रेशन ती बेअरिंग आणखी लवकर संपवते. रॉड बाजूला थोडा सरकतो, ते मात्र स्वाभाविक आहे.

आता तयार ब्लॉक किटविषयी. आम्ही घेतलेल्या खोक्यावर उत्पादकाचे नाव कोठेच नव्हते. स्लीव्हच्या कडा धारदार होत्या, होनिंगच्या (बोअर दगडाने बारीक घासण्याच्या) तिरप्या रेघा एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच अशा होत्या, आणि वरच्या रिंगेचे तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरमध्ये फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजले तेव्हा ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त उघडे निघाले. ५० मिलिमीटरच्या बोअरसाठी हा गॅप साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटर असला की मी समाधानी असतो. गाडी चालली, धूरही थांबला, परंतु ऑइलची पातळी पूर्वीइतकी नाही तरी हळूहळू उतरतच राहिली. या किटचा एकमेव खरा गुण म्हणजे वेळ: सकाळी उघडलेले इंजिन त्याच दिवशी सुरू होऊ शकते. रोजच्या पोटापाण्यासाठी गाडी लागणाऱ्या माणसाला या गुणाचे मोल असते, हे मी मान्य करतो.

ओव्हरसाइज पिस्टनमध्ये श्रीराम पिस्टन्सचा ‘उषा’, गोएत्झे आणि इंडिया पिस्टन्स ही नावे आपल्याकडे जुनी आणि जाणती आहेत. मी ‘उषा’चा ०.५० चा संच घेतला. पिस्टनच्या डोक्यावर माप आणि ‘इन’ची (इंधन आत येण्याची बाजू दाखवणारी) खूण स्वच्छ उमटलेली होती, गजन पिन बोटाच्या दाबाने सरकत होती पण खडखडत नव्हती, आणि रिंगा खाचांत मोकळ्या फिरत होत्या. मला सर्वांत भावला तो त्याच्या मापातला नेमकेपणा. पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो किंचित लंबवर्तुळाकार आणि वर निमुळता असतो, म्हणून त्याचे माप पिनेच्या काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेजवळ मायक्रोमीटरने घ्यावे लागते. त्या मापात साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर मिळवले की बोअरचे अंतिम माप निघते. यासाठीच पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये, आणि ‘०.५० ला करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ असे सांगणाऱ्याकडे तर मुळीच देऊ नये.

बोअरिंगसाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात गेलो. तिथल्या कारागिरांनी आधी बोअर गेजने ब्लॉक वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजला. झीज अपेक्षेप्रमाणे वरच्या बाजूला, जिथे रिंगा परत फिरतात तिथे, सर्वाधिक होती. मग त्यांनी पिस्टन मागून घेऊन स्वतः मोजला, बोअर थोडा लहान ठेवला आणि शेवटचे काही शतांश होनिंगने काढले. असा माणूस मिळणे हेच या मार्गाचे अर्धे यश आहे, आणि ओतकाम व लेथकामाची परंपरा असलेल्या शहरांत तो अजून मिळतो, ही आपल्या भागाची मोठी शिदोरी आहे.

होनिंगनंतरची स्वच्छता मात्र घरीच करावी आणि ती जीव ओतून करावी. नुसत्या पेट्रोलने दगडाची बारीक भुकटी रेघांतून निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासावा, पांढरे फडके फिरवल्यावर त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत घासावा, आणि कोरडा होताच लगेच ऑइल चोळावे, नाहीतर बिडावर गंज धरायला वेळ लागत नाही.

हेड उतरवलेच आहे तर व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष करू नये. पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासल्यानंतर पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओतून ते झिरपते का हे पाहावे, आणि व्हॉल्व्हचे सील स्वस्त असल्याने ते बदलूनच टाकावेत. गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलत असेल तर ते काम पुन्हा कारखान्याचे आहे.

जोडणीत ‘इन’ची खूण कार्ब्युरेटरच्या बाजूला, रिंगांवरची अक्षरे वर, तिन्ही रिंगांची तोंडे एकमेकांपासून दूर आणि सर्क्लिप नवीनच, एवढे पाळावे. सर्क्लिप बसवताना क्रँककेसचे तोंड फडक्याने झाकणे अनिवार्य आहे. टायमिंगसाठी (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ बसवण्यासाठी) मॅग्नेटवरची ‘टी’ खूण आणि कॅमच्या दात्यावरची खूण जुळवावी, हेडचे नट फुलीच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावेत, आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूचे) अंतर आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावे. इंजिन नंबर क्रँककेसवर असल्यामुळे ब्लॉक बदलला तरी आरसी बुकातल्या नोंदीला बाधा येत नाही, ही शंका बऱ्याच जणांना असते.

सुरुवातीचे काही शे किलोमीटर एकाच वेगाने गाडी रेटू नये; वेग वर-खाली ठेवल्याने रिंगा बोअरला लवकर बसतात. ९०० मिलिलिटरचे पहिले ऑइल लवकर काढावे, त्याबरोबर टॅपेट पुन्हा तपासावेत. माझ्या गाडीचा धूर तर गेलाच, शिवाय किक मारताना पायाला जो भरीव विरोध जाणवतो तो मला तयार ब्लॉक किट लावलेल्या गाडीत मिळाला नव्हता. पिस्टन, बोअरिंग आणि सील यांचा एकत्र खर्च तयार किटपेक्षा फार वेगळा आला नाही.

जुन्या ब्लॉकचे १.०० पर्यंतचे सगळे टप्पे संपले असतील, स्लीव्हला तडा असेल किंवा ब्लॉक थंड ठेवणारे बाहेरचे पंख तुटून गरमी वाढत असेल, तर नव्या ब्लॉकला पर्याय नाही. तेव्हाही तो उत्पादकाच्या नावाचा घ्यावा, दुकानातच रिंग बोअरमध्ये सरळ बसवून गॅप मोजू देण्याचा आग्रह धरावा, आणि दुकानदार नकार देत असेल तर खोके परत करावे.